बचतीचीही एमबी लिहा: महापालिका-नगरपालिकांच्या विद्युत विभागांना खुलं पत्र

राज्यातल्या महापालिका आणि नगरपालिकांच्या विद्युत विभागात काम करणाऱ्या सगळ्या अभियंता साहेब आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

रस्त्याचं किंवा गटाराचं काम असलं की एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, नोंद झाल्याशिवाय ठेकेदाराला एक रुपया मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. खोदाई किती खोल, खडी किती घनमीटर, काँक्रीटचा थर किती जाड, हे कनिष्ठ अभियंता जागेवर टेप लावून मोजतात, मोजमाप पुस्तिकेत लिहितात, उपअभियंता चेक मेजरमेंट, म्हणजे फेरमोजणी, घेतात आणि मगच बिल लेखा विभागाकडे सरकतं. आता तुमच्याकडचं ऊर्जा बचतीचं काम घ्या. वीज ३० टक्के वाचेल असं प्रेझेंटेशन होतं, स्थायी समितीच्या प्रस्तावात अडीच वर्षांत पैसे वसूल असं लिहिलं जातं, मग ट्यूबलाइट बदलतात, पंखे बदलतात, एसी बदलतात, आधीचे-नंतरचे फोटो निघतात, हँडओव्हरवर सही होते आणि बिल निघतं. ट्यूब किती लावल्या ते मोजलं, पंखे किती लावले तेही मोजलं, पण ज्या बचतीच्या नावावर पैसे मंजूर झाले ती बचत कुणी मोजली? बहुतेक ठिकाणी कुणीच नाही.

मी ऊर्जा लेखापरीक्षणाच्या कामात आहे, सरकारी आणि निमसरकारी इमारतींचं काम बरंच केलंय, आणि हे पत्र एकाच मागणीसाठी लिहितोय. बचतीचीही एमबी लिहा. आणि ती वर्क ऑर्डर निघायच्या आधी उघडा, काम संपल्यावर नको, कारण काम संपल्यावर ती लिहिताच येत नाही.

का येत नाही ते सांगतो. खडी डोळ्यांना दिसते, मोजता येते. बचत म्हणजे जी वीज वापरली गेलीच नाही ती, आणि न वापरलेल्या विजेला मीटर लावता येत नाही. त्यामुळे जगभर एकच पद्धत चालते. आधी इमारत किती वीज खात होती ते नीट नोंदवायचं, त्याला बेसलाइन म्हणतात, नंतर किती खाते ते नोंदवायचं, आणि मधल्या काळात हवामान, कामाचे तास, माणसं, यंत्रं यांत जे काही बदललं त्याचा हिशोब करून दोन्ही आकडे एका पातळीवर आणायचे. उरेल तो फरक म्हणजे बचत. १९९७ पासून आयपीएमव्हीपी नावाचा आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉल यासाठीच आहे. जुने पंखे एकदा भंगारात गेले की ते किती वॅट खात होते हे कुठल्याही तज्ज्ञाला सांगता येणार नाही, मग तो म्हणेल तो आकडा खरा मानावा लागतो आणि तो आकडा नेहमी सप्लायरच देतो.

"आम्ही बिलं बघतो ना, आधीचं बिल आणि नंतरचं बिल" असं मला खूप जण सांगतात. बिलं बघायलाच हवीत, पण नुसती बघून चालत नाही, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अगदी ताजं आहे. २०२४ हे भारतात १९०१ पासूनच्या नोंदींमधलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलं. आणि २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, अर्धा मे पावसात गेला, २६ मेला मान्सून मुंबईत दाखल झाला, एरवी तो ११ जूनच्या आसपास येतो. आता ज्या कार्यालयानं एप्रिल २०२५ मध्ये नवे एसी बसवले त्यांनी मे २०२४ चं बिल आणि मे २०२५ चं बिल शेजारी ठेवलं तर काय दिसणार? घसघशीत बचत. त्यातली एसीची किती आणि पावसाची किती?

हे काढता येतं आणि त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, एक्सेल पुरतं. जवळच्या वेधशाळेचं रोजचं सरासरी तापमान घ्या. तुमच्या इमारतीत एसी साधारण २४ अंशाच्या वर लागत असतील तर त्या दिवसाच्या सरासरीतून २४ वजा करा, ३१ असेल तर ७ अंश-दिवस, महिन्याची बेरीज करा. बारा महिन्यांची बेरीज आडव्या अक्षावर, बारा महिन्यांचे युनिट उभ्या अक्षावर, त्यातून ट्रेंडलाइन. समजा रेष सांगते की ही इमारत थंडी असो की गरमी महिन्याला ९,००० युनिट खातेच, आणि वर दर अंश-दिवसाला ३० युनिट. मे २०२४ मध्ये रोजचे सरासरी ७ धरले तर २१७ अंश-दिवस, म्हणजे १५,५१० युनिट. मे २०२५ मध्ये सरासरी ४ धरले तर १२४ अंश-दिवस, म्हणजे जुन्याच एसींनी १२,७२० युनिट खाल्ले असते. आणि बिल आलंय १२,४०० चं. बिलाला बिल लावलं तर बचत ३,११० युनिट, चांगली २० टक्के, हार घालून फोटो काढावा अशी. हवामानाचा हिशोब केला तर ३२० युनिट, अडीच टक्के. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण असा फरक पडतो आणि हा सगळा पैसा नागरिकांच्या मालमत्ता कराचा आहे.

हवामान ही त्यातली सोपी गोष्ट झाली. मे २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूकही होती, तुमच्या कितीतरी शाळा मतदान केंद्रं होत्या, कार्यालयं सुट्टीच्या दिवशीही उघडी होती, ते वेगळं धरावं लागतं. बिल २८ दिवसांचं आहे का ३४ दिवसांचं हे बघावं लागतं. मीटर फॉल्टी असताना किंवा रीडिंग न घेता सरासरीनं आलेलं बिल बेसलाइनमध्ये घेतलं तर सगळं बिघडतं. सीटी मीटर, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरमधून मोजणारं मीटर, असेल तर मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे रीडिंगला ज्यानं गुणायचं तो आकडा, तपासावा लागतो, सीटी बदलल्यावर तो कागदावर बदलायचा राहिला तर वापर एका रात्रीत अर्धा किंवा दुप्पट दिसतो. आणि कोविडच्या काळातली बिलं बेसलाइन म्हणून कुणी पुढे केली तर सरळ नाही म्हणा, बंद इमारतीच्या बिलाशी चालू इमारत लावायची नसते.

शाळांच्या पंख्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ही कामं आता सगळीकडे निघतायत आणि ती निघायलाच हवीत. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, दर पंख्याला ४५ वॅटचा फायदा, हे बरोबर आहे. समजा ४०० पंखे आहेत, म्हणजे १८ किलोवॅट. प्रस्तावात रोज १२ तास आणि वर्षाचे ३६५ दिवस धरले की ७८,८४० युनिट येतात. पण शाळा ६ तास चालते, वर्षाला साधारण २२० दिवस, म्हणजे २३,७६० युनिट. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या सत्रात पंखे कोण लावतं, आणि मुलं मैदानावर गेली की वर्ग बंद, म्हणून त्यातले ७० टक्के धरा, १६,६३२. म्हणजे प्रस्तावातल्या आकड्याच्या पाचवा हिस्सा! पंखा चांगला आहे, पंख्यात काही खोट नाही, तास खोटे आहेत. आणि पैसे परत मिळायचा काळ याच तासांवर काढलेला असतो, अडीच वर्षांचे बारा कधी होतात ते कुणाला कळतही नाही.

घराघरांतल्या बल्बच्या बाबतीत तास गृहीत धरणं मी समजू शकतो. २०१५ मध्ये केंद्राची एलईडी बल्बची उजाला योजना सुरू झाली, कोट्यवधी बल्ब वाटले गेले, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जाऊन कोण मोजणार. पण तुमच्या शाळेला स्वतःचं मीटर आहे, वेळापत्रक आहे, हजेरी आहे. तिथे तास गृहीत धरायचं काहीच कारण नाही.

अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. त्या ४०० पंख्यांतले किती चालू होते? दहा ट्यूबच्या वर्गात किती पेटत होत्या? मी अशा शाळा बघितल्यात जिथे वर्गात खिडकीजवळच्या दोन ट्यूब सोडून बाकी महिनोन्‌महिने बंद, चोक उडालेला, फिटिंगवर जाळी, मुलं फळ्यावरचं वाचायला पुढे सरकून बसतात. तिथे सगळे दिवे नवीन लावले की उजेड आला, फार चांगलं झालं, पण वीज कदाचित वाढेल. हे लपवायचं कशाला? कामाआधी मोजणी करा, बंद किती आणि चालू किती याची नोंद घ्या, लक्स मीटरनं बाकावरचा उजेड मोजा आणि स्वच्छ लिहा की इतकी वीज वाचली आणि इतका उजेड वाढला. मुलांना उजेड मिळाला हे कुठल्याही आयुक्तांना अभिमानानं सांगता येईल, त्याला बचतीचा खोटा आकडा चिकटवायची गरज नाही. नाहीतर होतं काय, बिल कमी आलं नाही म्हणून लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि चांगलं काम केलेल्या कनिष्ठ अभियंत्यालाच खुलासा द्यावा लागतो.

आता मोठ्या इमारती, म्हणजे मुख्यालय, रुग्णालय, नाट्यगृह. यांना बहुतेक एचटी, म्हणजे उच्च दाबाचं, कनेक्शन असतं आणि इथे एक मोठी गफलत होते. १ एप्रिल २०२० पासून राज्यात एचटी ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे वापरलेले युनिट (किलोवॅट-अवर) भागिले पॉवर फॅक्टर, आणि पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा. म्हणजे पॉवर फॅक्टर ०.८८ वरून ०.९९ वर नेला तर बिलातले युनिट ११ टक्क्यांनी उतरतात आणि इमारतीनं प्रत्यक्षात वापरलेली वीज जवळपास तेवढीच राहते. पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनल जरूर बसवा, पैसे खरेच वाचतात. पण एसी बदलण्याच्या कामाबरोबर गुपचूप पॅनल बसवून ती सगळी घट एसीच्या नावावर दाखवली की हिशोब फसला. उलटंही होतं, स्वस्तातले ड्रायव्हर असलेले एलईडी लावले तर वॅट कमी होतात पण पॉवर फॅक्टर पडतो आणि बिल अपेक्षेएवढं उतरत नाही. म्हणून किलोवॅट-अवर आणि केव्हीएएच दोन्ही वेगवेगळे नोंदवा.

तीच गोष्ट सोलरची. गच्चीवर पॅनल लागले की बिल कमी येणारच, पण इमारतीचा वापर तेवढाच आहे, किंवा वाढलाय सुद्धा, कारण "आता सोलर आहे ना" म्हणून एसी चालू ठेवले जातात. सोलरमधून थेट इमारतीत वापरलेली वीज महावितरणच्या मीटरला दिसतच नाही. त्यामुळे वापर काढायचा तर सोलरच्या निर्मिती मीटरचं रीडिंग, अधिक आयात, वजा निर्यात असा हिशोब दर महिन्याला लागतो. हे जनरेशन मीटरचं रीडिंग लिहून ठेवणारा माणूस बहुतेक इमारतींत नेमलेलाच नसतो, मीटर गच्चीच्या खोलीत, किल्ली शिपायाकडे, शिपाई बदली.

मोजायचं कसं यावर वाद घालायची गरज नाही, आयपीएमव्हीपीत चार मार्ग आहेत आणि इमारत बघून निवडायचा. दिव्यांसारखं साधं काम असेल तर वॅट मोजायचे आणि तास नोंदीवरून ठरवायचे, हा पहिला. पंप किंवा चिलर, म्हणजे मोठ्या एसी यंत्रणेसाठी पाणी गार करणारं यंत्र, असेल तर त्या यंत्रालाच एनर्जी मीटर लावून सगळं मोजायचं, हा दुसरा, आणि माझ्या मते पाणीपुरवठ्याच्या पंपांना आणि चिलरना हाच हवा, तडजोड नको. तिसरा म्हणजे पूर्ण इमारतीचं मुख्य मीटर, वर एक्सेलचं सांगितलं ते, पण बचत एकूण वापराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त अपेक्षित असेल तरच, नाहीतर ती महिन्यामहिन्याच्या चढउतारात हरवते. चौथा मार्ग संगणकावरच्या मॉडेलचा, नवीन इमारतीला आधीची बिलंच नसतात तिथे उपयोगी.

पण कृपा करून क्लॅम्प मीटरनं बचत सिद्ध करू देऊ नका. हे मी डोळ्यांनी बघितलंय, ठेकेदाराचा माणूस जुन्या एसीच्या वायरला क्लॅम्प लावतो, ७ अँपिअर, नव्या एसीला लावतो, ३ अँपिअर, बघा साहेब निम्म्यापेक्षा कमी, आणि त्यावर रिपोर्टवर सही. जुन्या एसीचा कॉम्प्रेसर त्या क्षणी चालू होता, नवा इन्व्हर्टर एसी खोली आधीच गार असल्यामुळे हळू चालला होता. शिवाय अँपिअर गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट होत नाही, पॉवर फॅक्टर राहिला. दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर वीज सतत नोंदवणारा लॉगर लावा, खोलीचं तापमान पण सोबत नोंदवा, कारण जुना एसी २८ वर हाशहुश करत होता आणि नवा १८ वर लावला तर बचत कुठून येणार. २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसींचं डिफॉल्ट २४ आहे, पण रिमोट माणसाच्याच हातात असतो.

आणि मोजण्याचा खरा फायदा मी अजून सांगितलाच नाही. मोजायला लागलं की चोर सापडतात. एका महापालिकेच्या विभागीय कार्यालयाचा लोड सर्व्हे आम्ही काढला होता, म्हणजे मीटरमधूनच दर अर्ध्या तासाचा डेटा. कार्यालय संध्याकाळी सहाला बंद. आलेखात लोड सहाला खाली यायला हवा, तो थोडासा उतरला आणि रात्रभर सरळ रेषेत राहिला, रविवारी पण तसाच. मग रात्री जाऊन एकेक फीडर, म्हणजे पॅनलमधून निघणारी लाइन, बघितला. सभागृहाचे दोन डक्टेबल एसी थर्मोस्टॅटवर चालू राहिलेले, कारण स्विच कुलूपबंद खोलीत, पाण्याची टाकी भरून वाहतेय आणि पंप चालूच कारण फ्लोट अडकलेला, आणि वरच्या मजल्याचे दिवे सफाई कामगारांसाठी रात्रभर. एक टायमर, एक फ्लोट स्विच आणि एका माणसाकडे दिलेली जबाबदारी, एवढ्यात काम झालं, निविदा नाही की कोटी रुपये नाहीत. तिथल्या उपअभियंता मॅडमनी दुसऱ्या महिन्यात स्वतःच डेटा मागवला आणि आलेख प्रिंट करून पॅनल रूमच्या दाराला चिकटवला. असे अभियंते प्रत्येक महापालिकेत आहेत, त्यांना हातात आकडे हवेत एवढंच.

निविदेत काय लिहायचं ते थोडक्यात. बेसलाइनचा अहवाल निविदेसोबत जोडलेला हवा, ठेकेदार आल्यावर बनवलेला नको. मोजायचा मार्ग, मोजायचा काळ, हवामान आणि तासांचा हिशोब कसा करणार, हे निविदा भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीतच ठरलेलं हवं. पडताळणी करणारा बीईईचा, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचा, प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक महापालिकेनं नेमायचा आणि त्याचं मानधन महापालिकेनंच द्यायचं, ठेकेदाराच्या खिशातून मानधन घेणारा माणूस ठेकेदाराविरुद्ध काय लिहिणार. आणि बिलाचा एक हिस्सा वर्षभराच्या मोजणीनंतरच मोकळा करायचा, डीएलपीची, म्हणजे दोष दुरुस्तीच्या हमी काळाची, अनामत ठेवता तसाच. इस्को मॉडेल असेल, म्हणजे बचतीतूनच कंपनीला पैसे, तर हे सगळं दुप्पट कडक हवं, कारण तिथे आकडा म्हणजेच पैसा.

खर्चाचं म्हणाल तर मोजणी-पडताळणीचा वर्षाचा खर्च त्या वर्षीच्या बचतीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा असा संकेत आहे, आणि छोट्या शाळेसाठी तर तेवढाही लागत नाही, एक लक्स मीटर, एक लॉगर आणि मनापासून काम करणारा एक माणूस. "निधी नाही" हे मला पटत नाही. कोटभराच्या कामात बोर्ड लावायला, उद्‌घाटनाच्या मांडवाला पैसे निघतात. "वेळ नाही" हे मात्र खरंय, मार्चअखेरीस निधी खर्ची टाकायचा असतो, फेब्रुवारीत निविदा, मार्चमध्ये काम, बेसलाइनला एक उन्हाळा पण मिळत नाही. म्हणूनच मी म्हणतोय की कामाचा प्रस्ताव यायची वाट बघू नका. प्रस्ताव असो नसो, तुमच्या सगळ्यात मोठ्या दहा इमारतींची मागच्या दोन वर्षांची बिलं, एचटी असेल तर मीटरचा एमआरआय डेटा, म्हणजे मीटरमधून उपकरणानं उतरवलेल्या नोंदी, चालू-बंद यंत्रांची यादी आणि कामाचे तास हे आत्ताच गोळा करायला लावा. स्मार्ट मीटर बसलं असेल तर अर्ध्या तासाचा डेटा मागा, तुमच्याच वापराची ती नोंद आहे, मागायचा हक्क आहे. काम तीन वर्षांनी निघालं तरी ही माहिती वाया जात नाही.

आयुक्त साहेबांकडेही एक विनंती. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, बीईई २००२ पासून काम करतंय, आपल्याकडे महाऊर्जा ही राज्याची संस्था आहे, दरवर्षी १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन साजरा होतो, फलक लागतात, भाषणं होतात. त्या दिवशी महापालिकेच्या वेबसाइटवर प्रत्येक मोठ्या इमारतीचं एकच पान टाका. चौरस मीटरला वर्षाचे किती युनिट, मागच्या वर्षी किती होते, काय काम केलं, हवामानाचा हिशोब करून किती वाचलं. कमी वाचलं तर कमी लिहा. एखाद्या कामातून काहीच वाचलं नाही तर तेही लिहा, म्हणजे शेजारच्या नगरपालिकेचे तरी पैसे वाचतील.

बेसलाइन नोंदवायचा एक साधा मराठी तक्ता मी बनवलाय, बिलाचे रकाने, मीटरचा फॅक्टर, बंद फिटिंगची मोजणी, तास, सोलर रीडिंग, सगळं एका एक्सेलमध्ये. ज्या विभागाला हवा असेल त्यांना विनामूल्य देईन, आणि पहिल्या इमारतीला भरायला सोबत बसेन. सुरुवात रुग्णालयापासून करा असं माझं मत आहे, तिथे वीज चोवीस तास जाते आणि वाचलेला पैसा औषधांकडे वळवता येतो.

आपला नम्र,
एक ऊर्जा लेखापरीक्षक